ताप आला की आधी चाचणी, मग गोळी: नायजेरियातल्या घरांसाठी

नायजेरियात कुणी अंग कणकणतंय म्हटलं की घरातलंच कुणीतरी निदान करून टाकतं: मलेरिया असणार, नाहीतर मलेरिया आणि टायफॉइड. ही दोन नावं तिथे जोडीनंच घेतात. जगातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या या देशात आहेत, त्यामुळे अंदाज पुष्कळदा खरा ठरतो. पण खोटा ठरला तर दोन-तीन दिवस चुकीच्या गोळ्यांत जातात, आणि पाच वर्षांखालच्या मुलाकडे तेवढे दिवस नसतात. नोकरीधंद्यानं लागोस किंवा कानोला गेलेल्या मराठी घरांनी तर जास्तच जपावं. तिथे वाढलेल्या मोठ्या माणसांच्या अंगात मलेरियाशी थोडीफार झुंजण्याची ताकद आलेली असते, आपल्याकडे ती नसते आणि आजार झपाट्यानं वाढतो.

१. ताप मोजा, चाचणी करा

हात लावून अंदाज नको, थर्मामीटर वापरा. ताप असेल तर त्याच दिवशी मलेरियाची झटपट चाचणी करा. औषधाच्या दुकानात तिचं किट मिळतं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेलाच रेघ वाचायची, आधी किंवा नंतर नाही. चाचणीत मलेरिया दिसला नाही आणि ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर डॉक्टरकडे जा. टायफॉइडचंही तसंच: विडाल चाचणी अनेकदा फसवते, म्हणून केवळ तिच्या जोरावर प्रतिजैविकं सुरू करू नका.

२. गोळ्या पूर्ण घ्या, अस्सल घ्या

क्लोरोक्विन आता तिथे चालत नाही. 2005 पासून साध्या मलेरियावर आर्टिमीथर-ल्युमेफँट्रिनसारखी जोडऔषधं देतात. 3 दिवसांत 6 मात्रा: पहिलीनंतर 8 तासांनी दुसरी, पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. हे औषध स्निग्ध पदार्थाबरोबर नीट अंगी लागतं, म्हणून दूध किंवा तळलेला अकारा (चवळीच्या वाटणाचे वडेच ते) सोबत द्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर मात्रा पुन्हा द्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात जातात, ही सवय मोडायलाच हवी. गरोदर बाई किंवा 5 किलोहून हलकं बाळ असेल तर घरी काही ठरवू नका.

बनावट औषधांचा प्रश्न तिथे खरोखर जीवघेणा आहे. 2001 पासून काही वर्षं औषध नियामक संस्थेच्या, म्हणजे नॅफडॅकच्या, प्रमुख असलेल्या डोरा अकुन्यिली यांची बहीण बनावट इन्सुलिनमुळेच गेली होती, आणि त्यांनी नकली औषधांविरुद्ध मोठा लढा दिला. 2008 साली दात येताना द्यायच्या एका विषारी सिरपनं 80 हून अधिक बाळं दगावली. म्हणून पाकिटावर नॅफडॅकचा नंबर बघा. खरवडायची पट्टी असेल तर खालचा आकडा पाकिटावर दिलेल्या नंबरवर एसेमेस करा, औषध अस्सल आहे की नाही ते उत्तरात कळतं. बसमध्ये आणि बाजारात फिरून विकणाऱ्यांकडून औषध घेऊ नका.

३. जुलाबात पाणी भरून काढा

ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. नसेल तर तिथल्या घराघरांत असलेलं 'प्युअर वॉटर'चं पाऊच माप म्हणून कामी येतं. ते बहुधा अर्ध्या लिटरचं असतं, पण छापलेलं माप एकदा बघून घ्या. दोन पाऊच, म्हणजे 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि शिगोशीग नको, कारण मीठ जास्त झालं तर बाळाला अपायच होतो. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलि, मोठ्या मुलाला 100 ते 200 मिलि, घोटघोट द्या. 24 तासांनी उरलेलं फेका. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानंच असंख्य माणसं वाचवली. त्याला साधं पाणी समजू नका.

सोबत झिंक 10 ते 14 दिवस: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिग्रॅ, लहान बाळाला 10. अंगावरचं दूध चालूच ठेवा. मोठ्या मुलांना ओगी द्यावी, आपल्या आंबिलीसारखी मक्याची आंबवलेली पेज.

४. मच्छरदाणी आणि गारीचा डबा

मलेरियाचा डास रात्री चावतो. औषधी मच्छरदाणी नवी असताना 24 तास सावलीत पसरून मग लावा आणि धुतल्यावरही सावलीतच वाळवा. वीज गेली की उकाड्यानं लोक ती वर गुंडाळतात. निदान लहानग्यांची तरी गुंडाळू नका.

लासा तापाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. बोर्नो राज्यातल्या लासा गावात 1969 साली हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. उंदराच्या मूत-विष्ठेनं बाटलेल्या अन्नातून तो येतो आणि सुरुवातीला हुबेहूब मलेरियासारखा दिसतो. गारी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उघड्यावर वाळत घालू नका. मलेरियाच्या गोळ्या पूर्ण झाल्या तरी ताप टिकला, त्यातही कोरड्या दिवसांत, तर डॉक्टरांना लासाचं नाव आपणहून सांगा. रोगनियंत्रण केंद्राचा मोफत नंबर 6232.

जनरेटर कधीही घरात, व्हरांड्यात किंवा खिडकीखाली चालवू नका. त्याच्या वास नसलेल्या विषारी वायूनं झोपलेलं कुटुंब उठत नाही.

५. कधी निघायचं

आकडी, गुंगी, काहीच पोटात न राहणं, धाप, डोळे खोल जाणं, रक्ताचे जुलाब, कुठूनही रक्तस्राव, मान ताठ होणं: यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय आणि अग्बोचा काढा बाजूला ठेवून निघा. सिकलसेल असलेल्या मुलाला नुसता ताप आला तरी निघा. विदर्भातल्या आयांना हे वेगळं सांगायला नको. रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय, तिथवर नेणाऱ्याचा फोन आणि थोडी रोकड, हे आजच एका कागदावर आणि पाकिटात करून दाराजवळ ठेवा.