खानदेशात नव्याने राहायला आलेल्यांसाठी : वॉशिंग मशीन आणि इथले पाणी

बदलीमुळे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारला आलेली कुटुंबे गॅस, दूध आणि मुलांची शाळा यांची चौकशी पहिल्याच आठवड्यात करतात. वॉशिंग मशीन मात्र जुन्या गावी जसे जोडलेले होते तसेच जोडून मोकळी होतात. एकवीस वर्षांपूर्वी चिपळूणहून धुळ्याला आले तेव्हा देवपूरच्या भाड्याच्या घरात मीही तेच केले होते. सहा महिन्यांच्या आत ते मशीन असे वाहिले की गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी झाली. ही वेळ आपल्यावर येऊ नये, आणि आलीच तर काय करावे हे आपल्याला माहीत असावे, म्हणून हे लिहीत आहे.

इथले पाणी आधी समजून घ्यावे. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी काळ्या खडकातून येते आणि त्यात क्षार इतके असतात की नव्या बादलीच्या कडेला थोड्याच दिवसांत पांढरी पुटे चढतात. नळाचे पाणी रोज येईलच असे नाही. मध्ये दोन, चार, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक दिवसांचा खाडा पडतो, आणि म्हणूनच सकाळी गल्लीत पहिला प्रश्न कानावर येतो तो ‘पानी उनं का?’ (पाणी आले का?) हाच. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या पाइपांत पाणी आले की पहिल्या लोंढ्याबरोबर गाळ आणि गंजाचे कण टाकीत येतात, आणि तेथून मशीनच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतात.

आमच्याकडे नेमके हेच झाले. एप्रिलचा महिना होता. धुणे संपल्यावर मी मशीनचे बटण बंद केले, नळ तसाच चालू ठेवला आणि कामावर गेले. मशीनमधला पाण्याचा व्हॉल्व्ह वीज मिळाली की उघडतो आणि वीज बंद झाली की आतल्या स्प्रिंगने व पाण्याच्या दाबाने मिटतो. पण त्याच्या रबरी पडद्याखाली कण अडकला तर तो पूर्ण मिटत नाही, आणि मशीन बंद असतानाही पाणी आत येतच राहते. टब भरून ते गॅलरीत आले, आणि गॅलरीतून खाली अंगणात, जिथे खालच्या मजल्यावरच्या आजींनी खाटेवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे इकडचे पापड, वाळत घातले होते. मी संध्याकाळी परतले तेव्हा बिबड्यांचा पुन्हा चीक झालेला होता. आजी त्याबद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत. पुढचे पाणी तीन दिवसांनी येणार होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या साठ्यातले दोन हंडे वर पाठवले. मेकॅनिकने व्हॉल्व्ह उघडून तळहातावर ठेवलेला तो कण तिळाएवढा होता.

पाणी जमिनीवर पसरलेले दिसले तर त्या पाण्यात पाय ठेवून मशीनला, प्लगला किंवा बटणाला हात लावू नये. आधी कोरड्या जागी उभे राहून मीटरजवळचा मेन स्विच बंद करावा, मग नळ, आणि नळ फिरत नसेल तर टाकीकडून येणाऱ्या पाइपचा कॉक. पुसापुशी त्यानंतर.

बिघाड कोठे आहे हे पुष्कळदा घरच्या घरी कळते. फरशी कोरडी करून मशीनचा प्लग काढून ठेवावा आणि नळ उघडावा. प्लग काढलेला असूनही आत पाणी पडत असेल तर दोष व्हॉल्व्हचा आहे. तो बदलून मिळतो. प्लग काढल्यावर पाणी थांबत असेल, पण मशीन चालू असताना ते भरतच राहत असेल, तर पाण्याची पातळी ओळखणाऱ्या भागाकडे पाहावे. टबच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढेल तशी तिच्यातली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला टब भरल्याचे कळते. ही नळी निसटली, चिरली किंवा साबणाच्या गाळाने बुजली की मशीनला टब रिकामाच वाटतो. हे काम मेकॅनिकवर सोपवावे, परंतु त्याला बोलावताना वरच्या तपासणीत काय दिसले ते सांगावे, म्हणजे तो योग्य तो भाग बरोबर घेऊन येतो.

टब भरून न वाहताही फरशीवर पाणी येते. मोरीच्या जाळीत कपड्यांची लव आणि साबणाचा गाळ साचला असेल तर बाहेर सोडलेले पाणी उलटे फिरते. फ्रंट लोड मशीनमध्ये हाताने धुण्याची पावडर घातली तर फेस पुढच्या खणातून बाहेर येतो, आणि जड पाण्यात पावडरचा दगड होऊन तो खण तुंबला तरी तसेच होते.

टाकीच्या उंचीचाही विचार करावा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार हे दाबाचे माप) दाब मिळतो, म्हणजे बैठ्या घराच्या छतावरील टाकीपासून जेमतेम ०.३ बार. पुष्कळ मशीनना किमान एवढा दाब लागतो, आणि तो त्याहून कमी असेल तर काही व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत. आपल्या मशीनला किती दाब लागतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहून मगच जागा ठरवावी.

मशीनच्या मागे, पाण्याची नळी जिथे जोडलेली असते तिथे, प्लास्टिकची एक लहान जाळी असते. नळ बंद करून, नळी सोडवून, पकडीने ती हलकेच ओढून काढावी, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावी आणि क्षार बसले असतील तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर भिजत ठेवावी. मी हे दर महिन्याला करते. जाळी फाटली असेल तर तिच्याशिवाय मशीन एक दिवसही चालवू नये. टाकी वर्षातून दोनदा धुवावी, आणि पाण्याचा मोठा खाडा पडून नळ आल्यावर निदान पहिले काही तास, गाळ खाली बसेपर्यंत, मशीन लावू नये.

धुणे संपले की नळ हाताने बंद करावा, बटणावर विसंबू नये. सेमी ऑटोमॅटिक मशीन असेल तर याला दुप्पट जपावे, कारण त्यात पाणी आपोआप अडवणारा व्हॉल्व्ह नसतो, शिवाय नळाला पाणी नसताना उघडा राहिलेला नळ आपल्या लक्षात येत नाही आणि पाणी मध्यरात्री येते. टाकीकडून येणाऱ्या पाइपचा कॉक घरातल्या मुलांना आणि खालच्या शेजाऱ्यांनाही दाखवून ठेवावा. आमचा कॉक जिन्याच्या वळणावर आहे. आम्ही त्याला लाल रंग लावला आहे, आणि घराची एक किल्ली आजींकडे असते.