सौदी-कॅनडाला कंपनीचे कागद पाठवताय? एम्बसीचा खर्च आधी तपासा

पॉवर ऑफ ॲटर्नी, बोर्ड रेझोल्युशन असले कागद बाहेर पाठवायचे म्हटलं की बरेच एजंट अजून जुन्याच पद्धतीने चेंबर ऑफ कॉमर्स, परराष्ट्र मंत्रालय आणि वर एम्बसी असं तिन्हीचं बिल लावतात. पण सौदी डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल (म्हणजे हेग करारातले देश एकमेकांचा मानतात तो शिक्का, आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय देतं) मानतात, म्हणजे तिथे एम्बसीचा शिक्का लागतच नाही. चीनही नोव्हेंबर २०२३ पासून या करारात आहे, पण भारत-चीनमध्ये तो लागू नाही, तिथे एम्बसी लागतेच. तर असं करा:

१. हेग कॉन्फरन्सच्या (हा करार सांभाळणारी संस्था) साइटवर अपोस्टिलच्या यादीत देश आहे का आणि भारताशी करार लागू आहे का बघा, दोन मिनिटांचं काम. यूएई नाहीये, दुबईवाल्यांना एम्बसी चुकत नाही.
२. तिकडच्या पार्टीकडून ईमेलवर लिहून घ्या की नुसतं अपोस्टिल चालेल का, आणि भाषांतर लागणार असेल तर ते कुठे करायचं. फोनवरचं "चलेगा" धरू नका!
३. मग एजंटला स्पष्ट सांगा, फक्त अपोस्टिल. एम्बसीची लाइन कोटेशनमधून काढायला लावा.

एकच सांभाळा, इनव्हॉइस आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा याचा दाखला) यात धरू नका, थेट व्यापार-कस्टमचे कागद त्या करारातून वगळलेले आहेत, त्यांचं बायरलाच वेगळं विचारा.