मुलाची पोटगी आणि मुलाची भेट: सीमाभागातल्या विभक्त आईवडिलांसाठी

खानापूरची मुलगी चंदगडला दिलेली, निपाणीचा मुलगा कागलचा जावई. आपल्याकडे सोयरीक राज्याची हद्द बघून होत नाही. संसार मोडला की मात्र हद्द आडवी येते: आई-मूल कर्नाटकात, वडील महाराष्ट्रात किंवा गोव्यात कामाला. मग पोटगी कुठे मागायची, मुलाला भेटायचं कसं आणि निकालाचा कागद पलीकडे चालतो का, हे प्रश्न सुरू होतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. दोन्ही हक्क मुलाचे आहेत आणि दोन्हींची दाद वेगवेगळी मागायची असते. एकाच्या बदल्यात दुसरं अडवणारा पक्ष न्यायाधीशांसमोर हमखास कमी पडतो, मग मूळ तक्रार कितीही खरी असो.

अर्ज कुठे घालायचा

फक्त पोटगी हवी असेल तर सरळ वाट म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं आणि जुने अर्ज त्याच नावाने चालू आहेत. हे कलम सर्व धर्मांना लागू आहे. आईवडिलांचं लग्न कायदेशीर होतं की नाही, यावर मुलाचा हक्क अवलंबून नसतो. बेळगावात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. पत्नी जिथे राहते तिथे अर्ज चालतो, म्हणजे सासर कोल्हापूरला असलं तरी निपाणीच्या माहेरातून निपाणीलाच केस घालता येते.

ताबा आणि भेटीसाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. त्यात मूल नेहमी जिथे राहतं तिथलंच न्यायालय लागतं. मूल खानापूरच्या शाळेत असेल तर पुण्यातल्या वडिलांना बेळगाव जिल्ह्यातच यावं लागेल. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर वेगळी केस न घालता हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलाची पोटगी, शिक्षण आणि भेट मागा. घरात मारहाण झाली असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पोटगी आणि तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो, आणि न्यायालय नवऱ्याच्या मालकाला पगारातून थेट रक्कम द्यायला सांगू शकतं. नवरा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा गोव्यातल्या हॉटेलात नोकरीला असेल तर ही तरतूद फार कामाची आहे.

नवऱ्याने कोल्हापुरात आणि बायकोने बेळगावात, असे दोन दावे पडले तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा हलवायला सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाला महाराष्ट्रातला दावा इकडे ओढता येत नाही. म्हणून नोटीस हातात पडल्या दिवशीच वकील गाठा.

किती मागायचे

आपल्याकडे मुलाच्या पोटगीचा ठरलेला तक्ता किंवा टक्केवारी नाही. आकडा ठरतो तो मुलाचा खर्च आणि दोघांची कमाई पाहून. म्हणून ‘महिना दहा हजार द्यावेत’ एवढंच लिहू नका, हिशेब मांडा. उदाहरण घ्या: शाळेची फी वर्षाला १८,००० म्हणजे महिना १,५००, रिक्षा ८००, शिकवणी ७००, किराणा आणि दूध ३,५००, औषधपाणी ५००, कपडे-वह्या-पुस्तकं वर्षाला १२,००० म्हणजे महिना १,०००. बेरीज ८,०००. वडिलांची कमाई ३०,००० आणि आईची १०,००० असेल तर तीनास एक या वाटणीने वडिलांचा वाटा ६,००० येतो. न्यायालय या वाटणीला बांधील नाही, पण पावत्या जोडलेला हिशेब मोडून काढणं समोरच्या वकिलाला जड जातं.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांना मिळकत, मालमत्ता आणि देण्याघेण्याचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्यातच ठरलं. त्यामुळे अर्ज लांबवला की तेवढे महिने हातचे जातात.

खरी अडचण कमाई दाखवण्याची. पगारदाराची पगारचिठ्ठी मिळते, शेतकरी ‘मला काही उत्पन्न नाही’ म्हणून हात वर करतो. तिथे कर्नाटकातल्या जमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी, आणि महाराष्ट्रातल्या जमिनीचा सातबारा काढा. दोन्ही ऑनलाइन मिळतात. ऊस जात असेल तर ऊसबिल बँकेत जमा होतं, तेव्हा ते खातं आणि कारखान्याचा हिशेब मागवण्याचा अर्ज न्यायालयात द्या. नुसतं ‘भरपूर जमीन आहे’ म्हणण्याने काही होत नाही.

मुख्य अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्जही घालाच. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो तो बहुधा समन्स परत आल्यामुळे. समोरच्याचा घरचा पत्ता, कामाचा पत्ता आणि पलीकडच्या पोलीस ठाण्याचं नाव, तिन्ही बिनचूक लिहा. मराठी कागदांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवलं की एक तारीख वाचते. आदेश कन्नडमध्ये आला तर मजकूर पूर्ण समजून घेतल्याशिवाय कशावरही सही करू नका.

थकबाकी: एका वर्षाची मुदत विसरू नका

सर्वात जास्त नुकसान होतं ते इथे. कलम १४४ खालच्या थकबाकीसाठी वॉरंट हवं असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जानेवारी २०२५ चा हप्ता आला नाही तर जानेवारी २०२६ संपायची वाट बघू नका. ‘देईल कधीतरी’ म्हणून दोन वर्षं थांबलेल्या आईच्या हातून जुन्या महिन्यांचं वॉरंट निसटतं. दर सहा महिन्यांनी अर्ज घालण्याची सवय ठेवा. हप्ता चुकवणाऱ्याला दर महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात बसल्याने देणं फिटत नाही.

हद्दीचा प्रश्न इथे सुटतो. बेळगावचा पोटगीचा आदेश, ज्याने पोटगी द्यायची तो माणूस जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून अमलात आणता येतो, मग तो गडहिंग्लज असो की मुंबई. दिवाणी हुकूमनाम्यात पगार जप्त होतो तेव्हा पोटगीच्या बाबतीत पगाराचा एक तृतीयांश हिस्साच सुरक्षित राहतो.

पैसे नेहमी बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. रोख दिलेले पैसे वडिलांना सिद्ध करता येत नाहीत. प्रामाणिकपणे देणारेही यात अडकतात. मुलाला दिलेली सायकल किंवा यात्रेतले कपडे पोटगीत धरले जात नाहीत.

पंचांसमोर बाँडपेपरवर केलेल्या तडजोडीवर वॉरंट निघत नाही. तडजोड झाली असेल तर ती चालू दाव्यात किंवा मध्यस्थी केंद्रामार्फत नोंदवून तिचा आदेश करून घ्या. ‘मुलासाठी यापुढे काही मागणार नाही’ ही ओळ आईने लिहून दिली तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही.

भेटीचा आदेश किती बारीक असावा

‘वडिलांनी सोयीनुसार भेटावे’ या वाक्यातून फक्त भांडणं निघतात. वार, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जागा, आणणार कोण, नेणार कोण, प्रवासखर्च कुणाचा, आठवड्यात व्हिडिओ कॉल किती आणि किती वाजता, हे सगळं आदेशात लिहून घ्या. मूल आजारी पडलं तर त्याऐवजीची भेट पुढच्या कुठल्या दिवशी, हेही. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. तेव्हा भेट थोड्या वेळाची पण वारंवार ठेवा आणि मुक्काम हळूहळू वाढवा.

सुट्ट्यांबाबत सीमाभागात एक हमखास चूक होते. महाराष्ट्राच्या सवयीने ‘दिवाळीची अर्धी सुट्टी’ असं लिहिलं जातं, पण कर्नाटकात शाळांची मोठी मधली सुट्टी दसऱ्याला असते. उन्हाळ्यातही कर्नाटकातल्या शाळा साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेर बंद असतात, महाराष्ट्रात जूनच्या मध्यापर्यंत. म्हणून ‘मूल ज्या शाळेत आहे त्या शाळेच्या सुट्टीपत्रकाप्रमाणे’ असे शब्द घाला. गणपती आणि दिवाळीचे दिवस आलटून पालटून ठरवा.

दुसरी खास इथली अडचण बसची. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस थांबतात, जशा फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्या. त्या रविवारी मूल पोचलं नाही तर तो अवमान धरू नये आणि भेट पुढच्या रविवारी व्हावी, अशी ओळ आधीच लिहून घ्या. मुलाला देण्याघेण्याची जागा निपाणीसारखी दोघांना मधली पडेल अशी निवडा. पोलीस ठाणं नको; लहान पोराला तिथे नेऊन सोडणं क्रूरपणा आहे.

मूल पाठवलं जात नसेल तर दर चुकलेल्या भेटीची तारीख, वेळ आणि संदेश जपून ठेवा आणि अंमलबजावणीच्या अर्जात बुडालेल्या दिवसांची भरपाई मागा. चार माणसं घेऊन दारात जाऊ नका. शाळेतून मूल परस्पर उचलून नेलं तर धारवाडला हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयात हजर करा अशी याचिका पडते आणि तुमची बाजू तिथेच कमकुवत होते. मूल स्वतःच नको म्हणत असेल तर समुपदेशकामार्फत भेटी सुरू करा. समजत्या वयाच्या मुलाचं म्हणणं न्यायालय विचारात घेतं, आणि पढवलेलं बोलणं ओळखू येतं.

बायका आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज पुरतो, फोन १५१००. आणि नोकरी गेली किंवा मुलाची फी दुप्पट झाली तर रक्कम आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. कलम १४६ खाली बदलाचा अर्ज घाला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत जुन्या आदेशातली पूर्ण रक्कम भरत राहा.