कंट्रोलच्या लेनमधला बँड

पीएचडीला लागल्यावरच्या पहिल्या दिवाळीत आत्यानं विचारलं, "टेन्शन घेतल्यानं कॅन्सर होतो म्हणतात, त्यावरच ना गं तुझं काम?" कॅन्सरमधल्या 'सेल स्ट्रेस'वर पीएचडी करायला येत असाल, तर विषयाच्या नावातला 'स्ट्रेस' ऐकून हा प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणारच. आमचा ताण मनाचा नसतो, पेशीचा असतो. उष्णता, ऑक्सिजनचा तुटवडा, औषधांचा मारा यांमुळे पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. त्या पुन्हा बसवायला, किंवा पार बिघडलेली प्रथिनं मोडीत काढायला, पेशी हीट शॉक प्रोटीन्स तयार करते. लॅबमध्ये सगळे नुसतं 'एचएसपी' म्हणतात.

कॅन्सरची पेशी तर कायमच अशा ओढाताणीत असते. रक्तपुरवठा अपुरा, गुणसूत्रं कमीजास्त, उत्परिवर्तनांमुळे धड घडी न बसणारी प्रथिनं. एचएसपींपैकी एक, एचएसपी-९०, अशा प्रथिनांना धरून ठेवतं. हर-२, एकेटी, रॅफ ही गाठ वाढवणारी प्रथिनं त्याच्या आधारावरच टिकतात. पीएचडीच्या मुलाखतीत मी ठोकून दिलं होतं, "हीट शॉक प्रोटीनमुळे कॅन्सर होतो." समोरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. निरोगी पेशीतही एचएसपी-९० भरपूर असतं, एकूण प्रथिनांच्या साधारण १ ते २ टक्के. कॅन्सरची पेशी ही तयार यंत्रणा स्वतःसाठी राबवते, असं म्हणा.

वाचनाची सुरुवात एचएसपीपासून करू नका, एचएसएफ-१ पासून करा. एचएसपींची जनुकं चालू करणारं प्रोटीन ते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ सुसान लिंडक्विस्ट यांच्या लॅबनं २००७ मध्ये दाखवलं की एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांत गाठी कमी होतात. २०१२ मध्ये त्यांच्याच लॅबमधून आणखी एक गोष्ट पुढे आली. आक्रमक कॅन्सरमध्ये एचएसएफ-१ जी जनुकं चालू करतं, त्यांतली बरीच उष्णतेच्या झटक्यात चालू होणाऱ्यांपेक्षा वेगळी असतात. हे मी दुसऱ्या वर्षी वाचलं. तोवर पेशी ४२ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून 'कॅन्सरमधला ताण' अभ्यासतेय, अशा समजुतीत मी होते.

आता माझी फजिती. वेस्टर्न ब्लॉटमध्ये पेशीतली प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करतात, प्रत्येक नमुन्याची एक लेन, म्हणजे रांग. हवं ते प्रथिन अँटीबॉडीनं पकडलं की तिथं बँड, म्हणजे पट्टा, उमटतो; प्रथिन जितकं जास्त, तितका तो गडद. पहिले सात महिने औषध न दिलेल्या, तुलनेसाठीच्या कंट्रोलच्या लेनमध्ये एचएसपी-७० या दुसऱ्या एचएसपीचा ठसठशीत बँड यायचा. एचएसपी-९० बंद पाडणारं १७-एएजी दिलं की हर-२ चा बँड फिका व्हायला हवा आणि एचएसपी-७० चा गडद. औषध लागू पडल्याची ती ठरलेली खूण. माझ्याकडे दोन्ही लेन सारख्याच गडद. गाइड म्हणाले, "यातून मला काय कळायचं?"

एक चूक अँटीबॉडीची निघाली. ताणात वाढणारं एचएसपी-७० आणि पेशीत एरवीही असणारं एचएससी-७० ही सख्खी भावंडं. वजनात फारसा फरक नाही, छोट्या जेलवर दोघांचा एकच बँड दिसतो. माझी अँटीबॉडी दोघांनाही पकडत होती. तिच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट छापलेलं होतं, मी फक्त किंमत पाहिली होती. नवी आणली, बँड बारीक झाला, पण गेला नाही. शेवटी एका सीनियरनं पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार पेटीत, रात्रभर ठेवला. बाहेर आकडा ३७, बाटलीत ४०. माझ्या 'निवांत' पेशी कित्येक आठवडे तापात होत्या.

गंमत म्हणजे या क्षेत्राचा जन्मच अशा इन्क्युबेटरमधून झालाय. इटलीत फेरुच्चो रितोसा यांच्या लॅबमध्ये कोणीतरी तापमान वाढवून ठेवलं आणि फळमाशीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. त्यांनी ते १९६२ मध्ये छापलं. मला मात्र नुसतं रडू आलं.

कॅन्सरच्या प्रसारावर काम करणार असाल तर आणखी एक. एचएसपी-९० पेशीच्या बाहेरही सापडतं, तिथं ते एमएमपी-२ या एन्झाइमला चालना देतं आणि पेशींभोवतीचं प्रथिनांचं जाळं कापून पेशींना वाट मिळते. हे मोजायला सगळे आधी स्क्रॅच अ‍ॅसे करतात, कारण स्वस्त. पेशींच्या थरावर पिपेटच्या टिपनं ओरखडा काढायचा आणि तो किती भरला ते बघायचं. पण औषधानं पेशींची वाढच थांबली तरी ओरखडा भरत नाही. त्याला 'प्रसार रोखला' म्हणाल तर परीक्षक सोलून काढतील. वाढ वेगळी मोजा, मॅट्रिजेल लावलेला ट्रान्सवेलही करा, त्यात पेशी जेलीसारख्या थरातून वाट काढून पलीकडे जातात का ते दिसतं. वाढ थांबवायला पेशींच्या खाद्यातलं सीरम कमी कराल, तर तोही पेशींना ताणच, हे विसरू नका.

औषधांबाबत फार हुरळून जाऊ नका. एचएसपी-९० रोखणारी बरीच औषधं रुग्णांवरच्या चाचण्यांत अडकली. कुठे यकृताला त्रास, कुठे वाढलेलं एचएसपी-७० पेशीला वाचवतं. जपाननं २०२२ मध्ये पिमिटेस्पिब मंजूर केलं, तेही जठर-आतड्यांच्या एका विरळ गाठीसाठी.

पैशांचं थोडक्यात: नेट परीक्षेची किंवा डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. हातात यायला वेळ लागू शकतो, तेव्हा गाठीला चार पैसे असू द्या. पेशी शेजारच्या लॅबच्या फ्रीजरमधून उचलू नका, पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सचं (एनसीसीएस) पेशीभांडार आहे, तिथून मागवा. आल्या आल्या मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींत गुपचूप वाढणारे जिवाणू, आहेत का ते तपासा. आणि बाटलीतला थर्मामीटर रोज सकाळी बघून आकडा वहीत लिहा, बाहेरच्या आकड्याच्या शेजारी.