यॉर्कीपूला आंघोळ घालण्याआधी फणी फिरवा

पूडल आणि यॉर्कशायर टेरियर या कुत्र्यांच्या जातींच्या संकरातून जन्मलेल्या यॉर्कीपूचे केस घरभर फारसे गळत नाहीत, म्हणून त्याची निगा सोपी असेल असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात सुटलेले केस जमिनीवर पडण्याऐवजी अंगावरच्या केसांत अडकून राहतात आणि त्यांच्या जटा होतात. कानांमागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली त्या आधी धरतात. अशा जटेवर पाणी पडले की ती सुकताना अधिकच घट्ट आवळते, त्यामुळे आंघोळीनंतर विंचरण्याची आपली माणसांची सवय येथे उलटी करावी लागते.

आंघोळीपूर्वी केसांचा एकेक थर बोटांनी वर उचलून, मुळापासून टोकापर्यंत आधी ब्रश आणि मग धातूची बारीक फणी फिरवावी. ब्रश वरवर फिरला तरी केस मऊ दिसतात, पण त्वचेलगतचा गुंता फणी अडल्याशिवाय कळत नाही. गाठ आढळल्यास तिच्यात चिमूटभर मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर) चोळून ती बोटांनी हळूहळू सोडवावी. कात्री मात्र लावू नये, कारण जटेत त्वचा वर ओढली गेलेली असते आणि ती सहज कापली जाते. जटा त्वचेला चिकटलीच असेल, तर ग्रूमरकडून (कुत्र्यांच्या केसांची निगा राखणाऱ्या व्यावसायिकाकडून) मशीनने काढून घेणे बरे. केस पुन्हा वाढतात. आंघोळीनंतर पोटाखालचे आणि कानांचे केस पूर्ण कोरडे करावेत, विशेषतः पावसाळ्यात.