स्वयंसेवी संस्थेतील कर्मचाऱ्यांचे अनुभव विश्वस्तांनी कसे जाणून घ्यावेत

स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या माणसाला नोकरीतील त्रासाबद्दल बोलणे अवघड जाते, कारण ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्यांच्या हालअपेष्टांपुढे आपली तक्रार क्षुल्लक आहे, असे त्याला स्वतःलाच वाटत असते. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना हे काम आपले जीवितकार्य वाटत होते ते त्यासाठी पैसा, वेळ आणि सुखसोयी यांवर पाणी सोडायला तयार होते, परंतु व्यवस्थापनही तितक्याच निष्ठेने वागते की नाही याकडे त्यांचे बारीक लक्ष होते, असे त्यांना आढळले. विश्वस्तांनी ही दुहेरी मनःस्थिती आधी समजून घ्यावी. ‘तुम्हाला इथे काम करण्याचा अभिमान वाटतो का?’ या प्रश्नाला स्वयंसेवी संस्थेत जवळजवळ सर्वांकडून होकार येतो आणि त्या होकारावरून वरिष्ठ कसे वागतात याचा काहीच अंदाज येत नाही. म्हणून कामावरील श्रद्धा आणि कामाच्या ठिकाणी मिळणारी वागणूक यांबद्दलचे प्रश्न कटाक्षाने वेगळे ठेवावेत.

या चौकशीचा निर्णय विश्वस्त मंडळाने घ्यावा आणि उत्तरे थेट मंडळाकडेच यावीत. कार्यकारी संचालकाने स्वतःच्या नेतृत्वाबद्दलची माहिती स्वतः गोळा करायची आणि तिचा सारांश करून मंडळापुढे मांडायचा, ही पद्धत संचालक कितीही सज्जन असला तरी सदोष आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेत २०१८ मध्ये दोन सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्यानंतर कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याची पाहणी बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्यात आली. २०१९ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या त्या अहवालात वरिष्ठ व्यवस्थापनावरील अविश्वास आणि ‘आम्ही’ विरुद्ध ‘ते’ अशी फळी यांचा स्पष्ट उल्लेख होता, आणि संघटनेत काम केल्यामुळेच आपल्याला मानसिक किंवा शारीरिक आजार जडल्याचे ३९ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितले होते. मानवी प्रतिष्ठेसाठी जगभर लढणाऱ्या संघटनेत हे घडू शकते, तर ध्येय उदात्त आहे एवढ्यावर कोणत्याही मंडळाने निर्धास्त राहू नये. बाहेरची तज्ज्ञ संस्था नेमण्याइतका पैसा नसेल, तर संचालकाशी मैत्री किंवा नाते नसलेल्या दोन विश्वस्तांची समिती नेमावी. मात्र कच्ची उत्तरे फक्त हेच दोघे वाचतील, हे कर्मचाऱ्यांना आधीच लेखी कळवावे.

प्रश्न तयार करताना मतांपेक्षा घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. ‘नेतृत्व पारदर्शक आहे का?’ असे विचारले की उत्तर देणारा शब्दाचा अर्थ लावत बसतो. त्याऐवजी, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या कामावर परिणाम करणारा मोठा निर्णय तुम्हाला कोणाकडून आणि केव्हा कळला, वरिष्ठांच्या मताविरुद्ध तुम्ही शेवटचे कधी बोललात आणि त्यानंतर काय झाले, रजेवर असताना किंवा रात्री उशिरा कामाचे फोन किती वेळा आले, कोणा सहकाऱ्याचा सर्वांसमक्ष पाणउतारा झालेला तुम्ही पाहिला का, असे प्रश्न ठेवावेत. दुसऱ्या प्रश्नाला ‘आठवत नाही’ अशी उत्तरे मोठ्या संख्येने आली, तर विरोधी मत मांडणेच लोकांनी सोडून दिलेले असण्याची शक्यता आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नावलीतील ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

गोपनीयतेच्या बाबतीत लहान संस्थेत विशेष सावधगिरी हवी. वीस-पंचवीस माणसांच्या संस्थेत विभाग, वय, लिंग आणि सेवेची वर्षे एवढे विचारले, की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. त्यामुळे खरोखर आवश्यक असलेली एखादीच माहिती विचारावी आणि पाचपेक्षा कमी माणसे असलेल्या गटाचे निष्कर्ष वेगळे दाखवू नयेत. मोकळ्या शब्दांत लिहिलेली उत्तरे तर जशीच्या तशी कधीही पुढे पाठवू नयेत, कारण रोजच्या सहवासातील माणसे एकमेकांची भाषा, आवडते शब्द आणि विशिष्ट प्रसंग लगेच ओळखतात. समितीने त्यांचा आशय स्वतःच्या शब्दांत मांडावा. एखादा प्रसंग इतका वेगळा असेल की आशयावरूनही व्यक्ती कळेल, तर त्या व्यक्तीची परवानगी मिळाल्याशिवाय तो अहवालात घेऊ नये. मुलाखती घ्यायच्या असतील तर त्या कार्यालयाबाहेर, कर्मचाऱ्याला सोयीच्या भाषेत आणि वेळी घ्याव्यात.

कोणाला विचारायचे, याची यादी नेहमीपेक्षा मोठी करावी. कामाच्या जगातील हिंसाचार आणि छळ यांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार, क्रमांक १९०, केवळ पगारी नोकरांपुरता नाही. स्वयंसेवक, प्रशिक्षणार्थी, नोकरीसाठी अर्ज केलेले आणि नोकरी संपलेले लोकही त्याच्या कक्षेत येतात. हीच व्याप्ती चौकशीलाही लावावी, कारण प्रकल्पापुरते कंत्राट असलेला क्षेत्रीय कार्यकर्ता किंवा विनामोबदला येणारा स्वयंसेवक यांना संस्थेचा जो चेहरा दिसतो तो मुख्यालयातील अधिकाऱ्याला दिसेलच असे नाही. सोडून गेलेल्यांशी बोलणे तर अनिवार्य मानावे. मात्र शेवटच्या दिवशी घेतलेल्या मुलाखतीत माणूस जपूनच बोलतो. अनुभवाचा दाखला, थकीत रक्कम, पुढच्या नोकरीसाठी शिफारस या सगळ्यांसाठी तो अजून संस्थेवर अवलंबून असतो. सहा महिन्यांनी विश्वस्ताने फोन करून विचारले, तर राजीनामापत्रातील ‘वैयक्तिक कारण’ नेमके काय होते ते बहुधा समजते.

उत्तरे हाती आल्यावर त्यांचे पहिले वर्गीकरण पैशाच्या आधारे करावे. कमी पगार, अपुरे मनुष्यबळ, जुनी साधने, वर्षागणिक नूतनीकरण होणारी कंत्राटे यांमागे अनेकदा देणगीदारांचे दडपण असते: प्रशासकीय खर्च कमी दाखवण्याची अपेक्षा असते, म्हणून संस्था तो आणखी कमी दाखवते, त्यामुळे अपेक्षा आणखी आकुंचन पावते आणि संस्थेची उपासमार चालू राहते. हे चक्र मोडण्यासाठी देणगीदारांशी बोलावे लागते आणि त्याला वेळ लागतो. पण बैठकीत आवाज चढवणे, निर्णय ऐन वेळी बदलणे, श्रेय स्वतःकडे घेणे, शंका विचारणाऱ्याची निष्ठा तपासणे या वागणुकीला निधीची टंचाई हे कारण कधीही मान्य करू नये. ती थांबवायला एक पैसाही लागत नाही.

थकव्याच्या तक्रारी वाचतानाही तपशिलाकडे लक्ष द्यावे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांच्या मांडणीनुसार कामातून येणाऱ्या या खचलेपणाला तीन अंगे असतात: शक्ती संपून जाणे, कामापासून व माणसांपासून मनाने तुटणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. शक्ती संपल्याची तक्रार लोक उघडपणे करतात. मनाने तुटल्याचे मात्र त्यांच्या भाषेतून दिसते; एके काळी गावागावांतील माणसांविषयी जिव्हाळ्याने बोलणारा कार्यकर्ता त्यांना केवळ ‘लाभार्थी’ म्हणून मोजू लागला, तर त्याला दोष देण्याआधी त्याच्यावरील कामाचा भार पाहावा.

संस्थापकच अजून प्रमुख असेल, तर मंडळाची खरी परीक्षा होते. ज्याने संस्था शून्यातून उभी केली त्याच्याविषयी कर्मचाऱ्यांना प्रेम आणि भीती एकाच वेळी वाटू शकते, आणि विश्वस्तांपैकी अनेकांना त्यानेच निवडलेले असते. अशा वेळी चौकशीचे निष्कर्ष संचालकाच्या वार्षिक लेखी मूल्यमापनाशी जोडावेत, म्हणजे त्यांना वैयक्तिक आरोपाचे रूप येत नाही आणि ते बाजूलाही टाकता येत नाहीत. असे मूल्यमापन होतच नसेल, तर ते सुरू करणे हेच मंडळाचे पहिले काम आहे.

निष्कर्ष कर्मचाऱ्यांपुढे महिन्याभरात मांडावेत, उपाय ठरेपर्यंत थांबू नये. उत्तरे देऊन झाल्यावर लांबलेली शांतता लोकांना सूडाची तयारी वाटू शकते. कोणत्या गोष्टी बदलणार, त्या कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायच्या, तसेच कोणत्या सध्या शक्य नाहीत आणि का, हे एकाच पत्रात लिहावे. छळाची किंवा आर्थिक गैरव्यवहाराची विशिष्ट तक्रार आढळली, तर ती या सर्वसाधारण चौकशीत मिसळू न देता तक्रार निवारणाच्या स्वतंत्र आणि कायदेशीर मार्गाने हाताळावी.

वर्षभराने तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. या वेळी तक्रारींची संख्या वाढलेली दिसली तर लगेच घाबरू नये. रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करताना संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात असे आढळले होते, की चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद जास्त होत होती, कारण तिथे चूक सांगण्याची भीती कमी होती. म्हणून दुसऱ्या फेरीत तक्रारींच्या आकड्याबरोबर आणखी एक नोंद ठेवावी: किती जणांनी, सक्ती नसतानाही, उत्तराखाली स्वतःचे नाव लिहिले.