गोल गाठी आणल्या तरी वैरण पुरत नाही? मग या चुका टाळा

आमच्याकडं वैरण म्हणजे कडबा. रब्बीची मालदांडी ज्वारी काढली की पेंढ्या बांधायच्या, शेकड्यावर मोजायच्या, घरामागं गंजी लावायची आणि वर्षभर उपसायची, एवढंच आम्हाला माहिती. आता ट्रॅक्टरमागं बेलर आले, म्हणजे काड गुंडाळून गाठी बांधणारी यंत्रं, हार्वेस्टरनं काढलेल्या गव्हाचं काड, भाताचा पेंढा असं सगळं गोल गुंडाळून टेम्पोनं दारात येतं. एक गाठ साधारण वीस किलोची, दोन फूट जाडीची, एकट्या माणसाला उचलता येते, रचायला बरी. सोय आहे, नाही म्हणत नाही. (उसाच्या पाचटाच्या पण गाठी मिळतात, पण त्या बॉयलरलाच ठीक, दुभत्या गायीला नकोत.) पण ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "दोन महिन्याच्या गाठी आणल्या होत्या, दीड महिन्यात संपल्या." मग शिव्या कुणाला, तर गाठीवाल्याला, वजनात मारलं म्हणून. मारलं असेलही. पण आधी स्वतःच्या गोठ्यात बघा.

मी पण गाठीवाल्यालाच बोलत होतो. मग एकदा आठवडाभर लटकवायचा काटा घेऊन बसलो. सकाळी टाकताना वजन करायचं, दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उरलेलं वेगळं आणि पायात पडलेलं वेगळं गोळा करायचं. पायातलं ओलं असतं, शेण-मूत लागलेलं, त्यामुळं ते वाळवून मग मोजा नाहीतर आकडा भलताच येतो, माझा पहिले दोन दिवस तसाच आला होता. दहा गायी, रोज साठ किलो सुकं म्हणजे तीन गाठी, आणि त्यातलं पंधरा किलोच्या आसपास पायाखाली. चौथाई! वर्षाला साडेपाच टन होतंय हे. किलोला ८ रुपये धरले तर ४४ हजाराच्या घरात जातंय, तुमच्याकडचा भाव टाकून बघा. आणि यात साठवणीत सडलेलं धरलेलंच नाही.

सगळ्यात मोठी चूक: गाठ सोडली आणि मोकळ्यात ढकलून दिली

मुक्तसंचार गोठा, म्हणजे गायी न बांधता मोकळ्या सोडायचा गोठा केला की हे हमखास होतं. गव्हाणीपर्यंत कोण नेणार, मधेच गाठ टाकायची, सुतळी कापायची, गायी खातील आपल्या आपण. पहिला अर्धा तास मस्त खातात. मग एक गाय त्याच्यावर बसते, दुसरी पाय देऊन जाते, तिसरी शेण टाकते. एक मोठी संकरित गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते, ते कुठंतरी पडणारच. आणि गाय कितीही भुकेली असू दे, शेणाचा वास लागलेली वैरण ती हुंगते आणि बाजूला होते. तुम्ही म्हणाल भूक लागली की खाईल. खाईल, पण दूध कमी करून खाईल.

इथं गायीची खायची पद्धत समजून घ्यायला पाहिजे. गाय चरताना मान खाली घालून चरते. वैरण जमिनीजवळ असली की ती तोंड तिथंच ठेवून चावते, सांडलं तरी तिथंच सांडतं. पण वैरण उंचावर असली, किंवा शेजारची मारकी गाय ढुशी देत असली, की ती तोंडात घास धरून मागं सरकते, मान वर करते, झटका देते आणि निम्मा घास पाठीवर नाहीतर पायात. म्हणून वैरण कशातही टाका, गायीला मान आत घालून तिथंच उभं राहून खाता आलं पाहिजे.

अमेरिकेत गाठी आपल्यासारख्या वीस किलोच्या नसतात, चार-पाच फूट व्यासाच्या, चार-पाचशे किलोच्या असतात, ट्रॅक्टरनंच हलवायच्या. तिथं मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी चार प्रकारचे फीडर, म्हणजे गाठ ठेवून खायला द्यायच्या चौकटी, लावून नासाडी मोजली होती, ते २००३ मध्ये छापून आलं. ज्या फीडरमध्ये गाठ मधोमध शंकूसारख्या भागात अडकून राहते आणि सांडलेलं आतच पडतं त्यात ३.५ टक्के, साध्या लोखंडी रिंगमध्ये ६.१, ट्रेलरसारख्या गाड्यात ११.४ आणि पाळण्यासारख्या उघड्या चौकटीत १४.६ टक्के वाया गेलं. गाठ तीच, गवत तेच. पाळण्यासारख्या फीडरवर गायींची भांडणं जास्त झाली, सारखं तोंड आत-बाहेर चाललं होतं, तेवढं सांडलं. आणि हे फीडर वापरून. फीडरच नसेल तर काय होत असेल ते मी मघाशी सांगितलंच.

आपल्याला तो लोखंडी फीडर विकत आणायची गरज नाही. शोषखड्ड्याला वापरतात ती सिमेंटची रिंग, चार फूट व्यासाची, दोन फूट उंच, तेवढी बास. तिचा घेर साडेबारा फूट होतो, एका गायीला अडीच फूट जागा धरली तर पाच गायी सुखानं उभ्या राहतात. गाठ सोडून आत पसरायची. कडा घासून गुळगुळीत करा नाहीतर मान सोलते, आणि रिंग उघड्यावर असेल तर बुडाला दोन भोकं पाडा, पाऊस पडला की पाणी साचून आतलं सगळं कुजतं. काहीजण ट्रॅक्टरचे जुने टायर कापून वापरतात, स्वस्त पडतं पण टायरमध्ये तार असते, झिजली की बाहेर येते, मी वापरत नाही.

सरळ गव्हाण असेल तर उत्तमच, फक्त गव्हाणीचा तळ गाय उभी राहते त्यापेक्षा चार-सहा इंच वर पाहिजे आणि गायीच्या बाजूची भिंत दीड-पावणेदोन फुटाची पाहिजे. जुन्या गोठ्यात गव्हाण छातीएवढी उंच बांधलेली असते, का कुणास ठाऊक. त्यातून सांडतंच.

दोन दिवसांचं एकदम टाकणं

लग्नाला जायचं असलं की आपण हेच करतो ना, "टाक चार गाठी, उद्यापर्यंत बघायला नको." गाय चोखंदळ जनावर आहे. समोर ढीग दिसला की ती पाला, बारीक काडी, मऊ तेवढं निवडून खाते, धांडं मागं ठेवते, वर त्यावर श्वास आणि लाळ लागली की ते उरलेलं दुसऱ्या दिवशी तिला नकोच असतं. एका दिवसाचं दोन-तीन वेळा विभागून टाका, त्याच गाठी जास्त दिवस जातात. सकाळी आधी गव्हाण झाडायची, मग नवीन. जुन्यावर नवीन टाकलं की खालचं कधीच संपत नाही, आठ दिवसांनी काढायला गेलं की काळा थर निघतो.

आणि गव्हाण चाटूनपुसून रिकामी दिसली म्हणून खुश होऊ नका, त्याचा अर्थ गायी उपाशी आहेत. टाकलेल्यातलं पाच टक्क्याच्या आसपास उरायला पाहिजे. उरतंय काय ते बघून चूक सापडते. नुसती जाड धांडं उरली तर कुट्टी (बारीक कापलेली वैरण) लांब पडतीये किंवा कुट्टी मशीनचं पातं बोथट झालंय. ओलसर, आंबूस वास येतोय तर जवळच्या पाण्याच्या टाकीतून पाणी उडतंय, ती लांब घ्या. गव्हाणीत काही नाही पण पायात ढीग, तर गव्हाणीची उंची चुकली. एका कोपऱ्यात सगळं तसंच आणि बाकी फस्त, तर तिथं कुठलीतरी दांडगी गाय उभी राहते आणि बाकीच्यांना येऊ देत नाही, तिला वेगळी बांधा. आमच्याकडं एक होती, दूध सगळ्यात कमी आणि दादागिरी सगळ्यात जास्त.

गाठ जमिनीवर ठेवली की बुडापासून गेली

गोल गाठीचं गणित फार फसवं असतं. दोन फूट जाडीची गाठ, बाहेरून फक्त दोन इंच खराब झाली तर आपण म्हणतो दोनच इंच आहे, जाऊ दे. पण गोलाचा बराचसा माल बाहेरच्या बाजूलाच असतो. चोवीस इंचाचा व्यास वीस इंचावर आला की जवळजवळ तीस टक्के गाठ गेली! कागदावर मांडून बघा, वीसचा वर्ग भागिले चोवीसचा वर्ग, ६९ टक्केच उरतंय. त्या अमेरिकन पाच फुटी गाठीचा बाहेरचा सहा इंच थर सडला तर ३६ टक्के जातो, म्हणून ते लोक साठवणीच्या एवढे मागं लागलेले असतात.

जमीन खालून ओल देत राहते, फरशी असली तरी देते. खाली तुरकाठ्या किंवा पऱ्हाट्यांचा चांगला वीतभर थर घाला, नाहीतर दगडावर फळ्या टाका, हवा खालून फिरली पाहिजे. वरून ताडपत्री टाकताना लोकं पार जमिनीपर्यंत ओढून चारी बाजूंनी दगड ठेवतात. पाऊस आत जात नाही खरं, पण आतली वाफ पण बाहेर जात नाही, सकाळी ताडपत्री उचलली की आतून थेंब टपकतात आणि वरचा थर पांढरा. बाजू थोड्या मोकळ्या ठेवा, वरती मधे उंचवटा करा म्हणजे पाणी साचणार नाही. पूर्वीची गंजी लावणारी माणसं वरून उतार कसा काढायची बघा, धो धो पाऊस पडला तरी आतला कडबा कोरडा. ती कला चाललीये आता.

पण गाठ आतूनच ओली आली असेल तर कितीही चांगली ठेवा, काही उपयोग नाही. दव असताना सकाळी बेलर चालवला की असं होतं. घेताना एक मूठ काढून पिळा, काडी कडकन मोडली तर वाळलेली, वाकली तर ओल आहे. दहातल्या एका गाठीत तरी हात खोलवर घालून बघा. गरम लागली की ती घ्यायची नाही, घेतली असेल तर लगेच सोडून उन्हात पसरा. आतून तापत गेलेली गाठ पेट पण घेते, ही ऐकीव गोष्ट नाही. म्हणून सगळ्या गाठी गोठ्याला चिकटून रचू नका, विजेच्या तारेखाली तर अजिबात नको.

"बुरशी काय, गुरं खातात सगळं"

नासाडी वाचवायच्या नादात हे करू नका. पांढरी-हिरवी बुरशी आलेलं झटकून, उन्हात घालून परत टाकणारे बरेच आहेत. बुरशीचं विष उन्हानं जात नाही. त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गायीच्या पोटात गेलं की त्याचा एक भाग एम-वन नावाचं विष होऊन दुधात उतरतो, आणि एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) दुधातली मर्यादा किलोला फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे. गाभण गायीला तर असलं दाखवू पण नका. खराब निघालेलं शेणखताच्या किंवा गांडूळखताच्या खड्ड्यात टाका, तेवढं तरी कामाला येतं.

कुट्टी पिठासारखी बारीक

अख्खा कडबा किंवा पेंढा टाकण्यापेक्षा कुट्टी केव्हाही चांगली, गायीला निवडायला जागाच राहत नाही. पण काही भाऊ उत्साहात एवढी बारीक करतात की भुसाच होतो. गायीला रवंथ कमी करावं लागतं, लाळ कमी सुटते, पोट आंबट होतं आणि फॅट खाली येतं. डेअरीवर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर ठरलेला, फॅट घसरलं की कापतात, म्हणजे वैरण वाचवली आणि दर घालवला. सुक्याची एक-सव्वा इंच ठेवा.

पेंढा आणि काड मुळातच बेचव, म्हणून जास्त उरतं. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) असेल तर त्यात मिसळा, नसेल तर गुळाचं पाणी आणि थोडं मीठ शिंपडलं तरी फरक पडतो. काड मऊ आणि पचायला सोपं करायला युरिया प्रक्रिया करणार असाल तर माप सोडू नका: १०० किलो काड, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी, युरिया पूर्ण विरघळवूनच थरावर थर शिंपायचं, दाबायचं, हवाबंद झाकून २१ दिवस. काढल्यावर तासभर मोकळं ठेवा, डोळ्याला झोंबणारा वास उडून जाऊ दे, मग थोडं थोडं सुरू करा. सहा महिन्याच्या आतल्या वासरांना द्यायचं नाही. अंदाजपंचे मूठभर युरिया टाकणारे बघितलेत मी, आणि विषबाधेनं गेलेली गाय पण बघितलीये.

राहिली सुतळी. गाठीची नायलॉनची दोरी किंवा जाळी कापली की ती तिथंच पडते, वैरणीबरोबर पोटात जाते आणि तिथंच गोळा होऊन बसते. कुट्टी मशीनमध्ये गेली तर तुकडे होऊन सगळ्यांच्या पोटात. तार किंवा खिळा असला तर अजून वाईट, तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन पुढं हृदयापर्यंत टोचत जातो. मी गोठ्याच्या दारालाच एक पोतं टांगलंय. गाठ सोडली की तिची दोरी आधी पोत्यात, मग वैरण गव्हाणीत. संध्याकाळी पोतं बघायचं, तीन गाठी सोडल्या असतील तर तिन्हीच्या दोऱ्या त्यात पाहिजेत, एक जरी कमी भरली तर धार काढायच्या आधी गव्हाणीत हात घालून शोधायची.